आपलाच शब्द

विष्णूचा इथला तो चौथा दिवस होता आणि तेवढ्यात इद्रीसने त्याला अकरा शब्द शिकवून टाकले होते. यल्ला म्हणजे चल. शुर्ता म्हणजे पोलीस. माय म्हणजे पाणी, आई नव्हे. यावर दोघे पोट धरून हसले होते. ‘खलास’ तेवढा शिकवला नाही. तो तर आपलाच शब्द, त्यात शिकवायचं काय? आखातात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

दोघेही कोकणातल्या आंजर्ल्याचे, एकाच पाखाडीतले. विष्णूने पंधरा वर्षं मुंबईच्या गोदीत हमाली केली, मग गोदीतलं काम आटलं. इद्रीसने आपल्या संस्थेत शब्द टाकला. निघताना विष्णूची बायको अपर्णा उंबऱ्यात उभी होती. “इद्रीसभाई, तुमच्या भरवशावर पाठवत्येय,” एवढंच ती म्हणाली. “मी नेतोय, मीच परत आणून सोडीन,” असं इद्रीसने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

संस्था शिकाऱ्यांची. ससाणे पाळणारे बडे लोक वर्गणी देतात आणि त्यातून हुबारा पक्षी अंड्यापासून वाढवून अबू धाबीच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात सोडले जातात. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊबंद. इद्रीसची मुलगी झारा, दुबईतच वाढलेली, तिला यातलं काही पटत नसे. “सो यू सेव्ह देम, सो दे कॅन किल देम?” असं ती तोंडावर विचारायची. “दहा सोडतो, त्यातला एक मारतात. सोडलेच नाहीत तर बघायलाही उरायचा नाही,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. रोज ते त्यालाही पटायचं असं नाही. चोरून पक्षी पकडून विकणाऱ्यांचा राग मात्र त्याला मनापासून यायचा.

त्या सकाळी दहा वाजता तीनशे चाळीस नंबरच्या मादीच्या पाठीवरचं, तिचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र एकाच जागी थबकलं. वीज गेली होती तेव्हा या मादीचं अंडं इद्रीसने स्वतःच्या सदऱ्यात ठेवून उबवलं होतं. त्याने जीप काढली आणि विष्णूला शेजारी बसवलं.

टेकाडामागे एक पिकअप उभी होती, जाळं पसरलेलं होतं आणि दोन माणसं होती. पाच हुबारे पाय बांधून वाळूत टाकलेले. पक्ष्यांनी फडफड करू नये म्हणून त्यांच्या पापण्या दोऱ्याने शिवल्या होत्या. तीनशे चाळीसच्या पापण्या नुकत्याच शिवल्या असाव्यात, दोऱ्याला रक्त ओलं होतं. इद्रीसचं डोकंच फिरलं. वायरलेसवर कळवून वाट पाहायची, हा नियम तोच सगळ्यांना शिकवायचा. आज तो स्वतः धावत सुटला आणि त्याने पुढच्या माणसाची गचांडी धरली.

त्या माणसाच्या हातात टायरचा पाना होता. त्याचा फटका इद्रीसच्या तोंडावर बसला आणि समोरचे दात जिभेवर आले. दुसरा फटका जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानात ऐकला. तो गुडघ्यांवर आला तेव्हा पाना तिसऱ्यांदा उचलला गेला होता.

तो खाली आलाच नाही. विष्णूने जॅकचा दांडा त्या माणसाच्या मनगटावर घातला, मग कोपरावर, मग गुडघ्यावर. गोदीत पोती उचललेले हात ते. माणूस कोसळला तरी विष्णू त्याच्या बरगड्यांवर मारत राहिला. दुसऱ्याने पिकअप चालू केली आणि सोबत्याला तिथेच टाकून पळ काढला.

खाली पडलेल्याने धड असलेला हात वर केला. तो रडत होता. विष्णू थांबला, धापा टाकत इद्रीसकडे वळला.

“भाई, ह्याचं काय करू?”

पुरे, सोड त्याला, मरेल तो, असं बरंच काही इद्रीसला सांगायचं होतं. पण जबडा लोंबत होता आणि तोंड रक्ताने भरलं होतं. बावीस वर्षं जो शब्द ‘पुरे’ म्हणून जिभेवर बसला होता, तेवढा एकच निघाला.

“खलास. खलास, विष्णू.”

विष्णू क्षणभर घुटमळला. नको असलेलं काम अंगावर पडावं तसा त्याचा चेहरा झाला. मग त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्या माणसाच्या डोक्यात घातला. इद्रीस ओरडेपर्यंत दुसरा घावही पडला होता.

विष्णूने दांडा वाळूत टाकून दिला. “तुम्ही सांगितलंत म्हणून, भाई,” तो म्हणाला. “माझ्याच्याने झालं नसतं.” आणि मग कुठे इद्रीसच्या डोक्यात प्रकाश पडला. गोदीत या शब्दाचा एकच अर्थ होता.

जबडा तारांनी बांधल्यावर तिसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी इस्पितळात आला. त्याने आपुलकीने पाण्याची बाटली पुढे केली. “माय,” तो म्हणाला. इद्रीसला उंबऱ्यात उभी अपर्णा आणि तिला दिलेला शब्द आठवला.

“तुझा माणूस कबूल करतो, की तू खलास म्हणालास,” अधिकारी अरबीत म्हणाला. “म्हणजे तू त्याला थांबवलंस. तरी त्याने त्या माणसाला ठार मारलं. तुझ्यावर काही नाही. फक्त हो म्हण आणि सही कर.”

खरं तेच होतं. हो म्हटलं की इद्रीस सुटत होता, आणि विष्णू त्याच एका शब्दावर जन्माचा अडकत होता. दोन भाषांतला घोळ समजावून सांगितला तरी कोण ऐकणार होतं? इद्रीसने दातांतल्या तारांमधून एकेक अक्षर सावकाश काढलं.

“आमच्या भाषेत खलास म्हणजे जीव घे. मी आमच्या भाषेत म्हणालो. त्याने माझं ऐकलं.”

“विचार करून बोल.”

“केला.”

अधिकाऱ्याने कागद फाडला, नवा घेतला, आणि पाण्याची बाटली आपल्याकडे ओढून घेतली.