आरंभाचा नवरदेव

आश्विनाचे सुवर्णकोवळे ऊन खाडीवर उतरले, माडांच्या झावळ्यांतून झिरपले आणि सिनेगॉगच्या निळ्या भिंतीवर थरथरत राहिले. आज सिम्हात तोरा, ज्यूंचा सण. आज धर्मग्रंथाचे वर्षभराचे वाचन संपायचे आणि त्याच घडीला पुन्हा आरंभायचे. आज दुःखाला मज्जाव, आज नाचायचे.

आणि नाचले सारे! रेशीमवस्त्रात लपेटलेली धर्मग्रंथाची गुंडाळी उराशी कवटाळून म्हातारे नाचले, गुडघे कुरकुरले तरी नाचले. रजतघुंगरे किणकिणली. रिवका आत्याने मूठभर बताशे उधळले.

"नवरदेव लाजतोय बघा गं!"

नवरदेव म्हणजे बिन्यामिन नागावकर. नवे वाचन आरंभणाऱ्याला या दिवशी नवरदेवाचा मान. गळ्यात पीतशुभ्र शेवंती, मनात मात्र चोर. इस्राएलला कायमचे जायचे त्याचे ठरले होते, दिवाळीआधीच, आणि त्याने कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. गावात बेने इस्राएल ज्यू पुरुष उरले होते त्याला धरून दहा. दहा पुरुष जमल्यावाचून ही गुंडाळी वाचता येत नाही. तो गेला की ती कपाटात मिटून राहणार, हे त्याला ठाऊक होते.

गुंडाळी गावात एकच. शेवट वाचला की ती आरंभापर्यंत उलटी फिरवायची. तिचा एक दांडा म्हाताऱ्या एलोजी काकांच्या हाती, दुसरा त्याच्या. ओळी मागे मागे जात राहिल्या: मोशेचा मृत्यू सरला, वाळवंट सरले, दुभंगलेला समुद्र सरला. ग्रंथ लिहिलेले जुने कातडे सळसळत राहिले.

"सावकाश रे बिन्या," काका पुटपुटले. "पुढल्या वर्षी माझे हात चालतील न चालतील. तुझे आहेत, म्हणून मी निर्धास्त."

त्या निर्धास्तपणाने त्याचे काळीज चिरले. दांडा थबकला.

"काका, मी चाललोय. इस्राएलला. या दिवाळीआधी."

बाहेर बायका हसत होत्या. काकांनी आपला दांडा पुन्हा हळूहळू फिरवायला घेतला, त्याचाही फिरला, आरंभाची ओळ येईपर्यंत.

"आज आहेस ना?" ते म्हणाले. "मग वाच."

त्याने वाचनाआधीचा आशीर्वाद म्हटला. पाठीमागून उत्तर उमटले, आमेन. आशीर्वाद म्हणणारा तो, उत्तर देणारे बाकीचे नऊ, तो गेल्यावर मागे उरणारे. हे आमेन त्याने जन्मभर ऐकले होते, कधी मोजले नव्हते. आज ते विरळ भासले, थकलेले भासले, खाडीवरच्या वाऱ्यात विरत विरत गेले. आणि आपल्यावाचून ते कसे ऐकू येईल, हे त्याला ऐकू आले.