चवीची वही

मी मालनबाई. चितेगावच्या शाळेत चौदा वर्षं झाली, पोरांची खिचडी मी शिजवते. माझ्या हातच्या अन्नानं एकाही लेकराचं पोट कधी दुखलं नव्हतं. ह्या सोमवारी बारा पोरं भडाभडा ओकली, त्यातली दोन अजून घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती हायेत. डाळीला फवारणीच्या औषधाचा वास मारत व्हता म्हणं. सगळ्यांला आला, मलाच नाय आला.

करोनात माझा वास गेला तो परत आलाच नाय. चव बी तशीच. तोंडात मीठ हाय का माती, कळत नाय. हे फकस्त विशाखाला ठाऊक. विशाखा म्हंजी माझ्या बहिणीची लेक. ह्याच शाळेत मास्तरीण हाय, चवीची वही तिच्याकडं. वाढायच्या आधी मी अन्न चाखायचं, तिनं वहीत लिवायचं, खाली मी सही करायची, असा नियमच हाय. वास गेला तवा मी तिला म्हणलं, "पोरी, मला आता जमायचं नाय, काम सोडते." तर म्हणली, "येडी का काय मावशी? मी चाखीन की. तू नुसती सही कर."

तवापासून रोज एक वाटी भरून तिच्याकडं द्यायची. वाटी धुऊन परत यायची, मी बिनघोर सही ठोकायची. दुसरं कोण असतं तर विचारलं असतं. पण डी.एड.ची दोन वर्षं माझ्याच घरी जेवलेली पोरगी, तिला काय विचारायचं?

आज अन्न खात्याचे साहेब आले. त्यांनी विशाखाचा जबाब वाचून दाखवला. 'अन्नाची चव स्वयंपाकी बाईंनी घेतली. त्यांनी चांगली सांगितल्यावर मी तशी नोंद केली.'

"आता तुमचा जबाब," साहेब म्हणले. "नीट आठवून सांगा. अन्नाबद्दल सरकारला खोटं लिहून दिलं तर दंड होतो, कैदही होते." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते व्हरांड्यात गेले.

विशाखा लगेच खुर्ची ओढून जवळ आली. "मावशी, घेतली म्हण. वासाचं मी कुणाला बोलणार नाही."

"सोमवारी तू चाखली व्हतीस का नाय?"

तिनं व्हरांड्याकडं बघितलं, साहेब अजून फोनवरच व्हते.

"बोल की!"

"कधीच नाही गं. मला ती खिचडी बघूनच कसंतरी होतं. मोरीत ओतायचे. रोज चांगलीच असायची ना तुझी."

जळलं तुझं तोंड! पाच वर्षं! पाच वर्षं मी हिच्या जिभेच्या भरवशावर लेकरांच्या ताटात वाढत व्हते.

"आन् आता मी खोटं सांगू?"

"तुझं काय जातंय मावशी? तुझं काम तरी कुठं पर्मनंट आहे? माझी नोकरी जाईल."

कानफाडात द्यावी वाटली. रडू बी आलं, त्याचाच लई राग आला.

साहेब आत आले. "हं, मालनबाई. चव कोणी घेतली?"

"कुणीच नाय, सायेब. मला वास येत नाय, चव येत नाय, करोनापासून. सही माझी हाय आन् खोटी हाय. वहीत लिवलंय ते बी खोटंच."

"मावशी!" विशाखा किंचाळली.

साहेबांचा पेन थांबला. "बाई, यात तुम्हीही अडकाल. कळतंय ना?"

"कळतंय. आधी माझंच नाव टाका, मग तिचं."

त्यांनी लिवून घेतलं. मग तिच्याकडं बघून मला विचारलं, "ह्या मॅडम तुमच्या कोण लागतात?"

"कोणी नाय," म्हणलं आन् सही केली.