करवतींमध्ये झोपणारा एल्दार

मार्च उजाडला की ओश शहरातले सगळे कंत्राटदार एकदम जागे होतात. हिवाळाभर गोदामात पडलेल्या काँक्रीट कापायच्या करवती बाहेर निघतात. चालू करायची दोरी ओढून ओढून माणसांचे खांदे निखळायला येतात, आणि मग त्या करवती बांधकाम-बाजाराच्या टोकाला, एर्मेकच्या दुरुस्तीच्या निळ्या कंटेनरपुढे येऊन रांगेत पडतात. दुखणं सगळ्यांचं एकच. टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये सुकून चिकट झालेलं असतं, आणि प्रत्येक मालक शपथेवर सांगतो, टाकी मी स्वतः रिकामी केली होती.

कार्ब्युरेटर हे कुंदुझचं काम. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या बाईची बोटं असल्या नाजूक कामाला बरी, असं एर्मेक लग्नानंतर म्हणाला होता. तीन वर्षं झाली, त्या बोटांचा पेट्रोलचा वास काही गेला नव्हता. कामाचा त्याचा नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग आणि फिल्टर दोन्ही बदलले आणि करवत चालू झाली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

टेबलाच्या पायाशी पाळणा होता. त्यात आठ महिन्यांचा एल्दार, त्यांचा मुलगा, पट्ट्यांनी बांधून झोपवलेला असायचा. दोन हातांवर करवत सुरू व्हायची, कंटेनरचा पत्रा थरथरायचा, आणि पोराची पापणी हलायची नाही.

"उस्ताचं, कारागिराचं पोर आहे," मिर्लान-आके म्हणायचा. पाइप टाकायला रस्ते कापायचं कंत्राट त्याच्याकडे असायचं. "मी नुसती कूस बदलली तर माझी बायको उठून बसते. आणि हा बघा."

"रक्तातच आहे ते," एर्मेक म्हणायचा.

सुरुवातीला कुंदुझही हसायची. मग जानेवारीत एकदा पान्यांचा अख्खा ट्रे पाळण्यामागे पडला. एल्दार जागा होता, स्वतःच्या बोटांशी खेळत होता. त्याने मान वळवली नाही. त्या दिवसापासून एकच प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला: याला ऐकू येतं ना?

घरात उदाहरण समोर होतं. नऊ वर्षं करवतींशी काढलेला एर्मेक आता इंजिनाचा दोष कानाने कमी आणि तळहाताने जास्त ओळखायचा. त्याला हाक मारायची तर आधी दंडाला हात लावावा लागे. आवाज अडवणारी कानांवरची झाकणं खिळ्याला टांगलेली होती, धूळ खात.

तिला एकच दिलासा होता. करवत बंद झाली की एल्दार जागा व्हायचा आणि रडायचा. म्हणजे आवाज थांबलेला त्याला कळतो. या दिलाशावर तिने महिना काढला. मग मागच्या शुक्रवारी जमिनीवर बसून फिल्टर झटकताना तिला स्वतःच्या मांड्यांखाली ती थरथर जाणवली. तिने पाळण्याच्या लाकडाला हात लावला. तेही थरथरत होतं. एर्मेकने करवत बंद केली, थरथर थांबली, आणि एल्दार रडायला लागला. आवाज आणि थरथर, दोन्ही एकदम बंद झाली होती. दोष कशात, काही कळत नव्हतं.

त्यानंतर तिला धड झोप लागली नव्हती. आज दुपारी तिने एर्मेकच्या दंडाला हात लावला.

"चहाच्या वेळी बाहेर ये. बाळाचं बघायचंय."

"काय, ताप आहे?"

"ऐकू येतं का ते."

"हं?"

"त्याला ऐकू येतं का," ती मोठ्याने म्हणाली. शेजारचा फरशीवाला वळून बघायला लागला.

"अगं, मी करवत बंद केली की भोकाड पसरतो की."

"जमीन हलायची थांबते म्हणून."

एर्मेकने खाली पायांकडे पाहिलं. "मिर्लान-आकेला चारला करवत द्यायचीय," तो म्हणाला.

"दहा मिनिटं."

समोर तुर्सुनाय-एजे तंदूरमध्ये सामसे, मांस भरलेले समोसे, भाजायची. तिथली जमीन मातीची होती, थरथर पोचायची नाही. कुंदुझने एल्दारला तिच्या मांडीवर बसवलं.

"नजर लागली असेल गं," एजे म्हणाली. "इसिरिकच्या पाल्याची धुरी देऊ का?"

"नंतर द्या. आता फक्त हा चमचा हलवा, आणि मागे बघू नका. तुम्ही बघितलंत की तो बघतो."

तंदूर उजव्या हाताला होता, म्हणून एर्मेक मागे डावीकडे उभा राहिला, आठ पावलांवर. हातात तेलाचा रिकामा डबा आणि पाना. सावली पुढे पडत नाही ना, हे कुंदुझने पाहून घेतलं. मग मान हलवली.

डबा वाजला. एल्दारचा हात थांबला. मान डावीकडे वळली, बाप सापडला, दोन दात दिसले.

कुंदुझ तिथेच ओट्यावर बसली.

"पास झाला?" एर्मेक म्हणाला.

"काळजी दुधातून पाजतेस पोराला," एजे म्हणाली. "चल, गरम सामसा खा."

एर्मेक कंटेनरकडे वळलासुद्धा. तो जिथे उभा होता त्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. मग धावत जाऊन त्याचा दंड धरला.

"आता दुसऱ्या बाजूने."

"ऐकलं ना त्याने? आता काय त्याची सही घेऊ?"

"बाजू बदल. बाकी काही बदलू नकोस. डबा तोच, अंतर तेच."

नियम त्याचाच होता. तो कुरकुरत तंदूरला वळसा घालून उजवीकडे गेला.

डबा वाजला. एल्दारने मान डावीकडे वळवली. तिथे कोणी नव्हतं. त्याने उभ्या हातगाडीकडे पाहिलं, जरा शोधलं, आणि परत चमच्याकडे वळला. पुन्हा डबा वाजला. पुन्हा डावीकडे.

तिसऱ्यांदा तिने सांगायची वाट एर्मेकने पाहिली नाही. तो उजवीकडूनच अगदी जवळ आला आणि डबा नखाने हलकेच खरवडला. एल्दार चमच्यात गुंग. मग तो डावीकडे गेला आणि तसाच खरवडला. पोराने लगेच वळून पाहिलं.

एजेचा चमचा हवेतच थांबला.

"आपल्या कंटेनरमुळे?" एर्मेकने विचारलं. एरवी तो ओरडूनच बोलायचा. आज आवाज खाली होता.

"माहीत नाही. उजवा कान जन्मापासूनही तसा असेल. डॉक्टरच सांगतील."

दोष सापडला की तिचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जायचा. इथे हाताला जायला जागाच नव्हती. तिला रडूही आलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, सगळ्या रांगेतले कार्ब्युरेटर एकटीने धुतल्यासारखं.

तेवढ्यात मिर्लान-आके आला. "उस्ता, चार वाजले. माझी करवत?"

"उद्या."

"उद्या? अर्धा रस्ता उघडून ठेवलाय मी. लोक शिव्या घालतायत."

"उद्या, आके. पोराचे कान दाखवायला नेतोय."

"याचे? हा तर तोफेतसुद्धा झोपेल."

कोणी हसलं नाही. मिर्लान-आकेने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी मागे सारली. "मग निघा लवकर," तो म्हणाला. "केलिन, सूनबाई, सहानंतर दवाखान्यात कोणी नसतं. शिव्यांचं मी बघतो."

एर्मेकने कंटेनरची दोन्ही दारं बाहेरून लावली. त्याआधी कुंदुझने पाळणा उचलून एजेच्या छपराखाली आणून ठेवला.

"आजपासून इथेच राहू दे," ती म्हणाली. एजेने नुसती मान डोलावली आणि सामसे कागदात बांधून दिले.

मिनीबसच्या थांब्यावर गर्दी होती. एर्मेक पोराला नेहमी उजव्या खांद्यावर घ्यायचा. डावा हिवाळ्यापासून धरला होता, हात वर करताना चेहरा वाकडा व्हायचा. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग दात आवळून त्याने एल्दारला डाव्या खांद्यावर घेतलं. पोराचा डावा कान त्याच्या तोंडाशी आला. एर्मेकने त्यात काहीतरी सांगितलं.

ट्रक जात होता. कुंदुझला काही ऐकू आलं नाही. एल्दारने मात्र मान मागे करून बापाच्या ओठांकडे पाहिलं.