राजाचे हात

“बैठो, इसहाक. आज तुम राजा है.”

किनार्डी साहेबांचे हे वचन ऐकून इसहाक बटलर गोंधळून गेला. नगरच्या छावणीतील त्या बंगल्यात उमेदीची सारी वर्षे चाकरी करूनही साहेबांच्या खुर्चीला त्याने पुसण्याच्या फडक्याखेरीज कधी स्पर्श केला नव्हता.

साहेब स्कॉटलंड देशीचे उमराव. राजा त्यांच्या मुलखात आला, की त्याच्या हातांवर पाणी घालण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे होता. लढाई संपली होती आणि पुढील उन्हाळ्यात राजा तिकडे येणार होता. वास्तविक हा मान थोरल्या मुलाकडे, ॲलेस्टरकडे, जायचा. परंतु तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडला, आणि तेव्हापासून वृद्ध साहेबांचे हात कापू लागले. राजाच्या हातांखालच्या तस्ताबाहेर पाणी सांडले, तर मान चुलतभावाच्या घरी जाणार. म्हणून ही तालीम.

एवढा थोर सरदार, आणि घराण्याची अब्रू कशात, तर पाणी घालण्यात! ते काम तर इसहाक रोज सकाळी साहेबांसाठी करीत असे. मग सरदार कोणास म्हणावे व चाकर कोणास, हे त्याला काही केल्या उमगेना.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. साहेबांनी चांदीची झारी उचलली. तोच इसहाकने मान खाली घातली, ओंजळ केली आणि ती तोंडाजवळ नेली.

“नहीं, नहीं! राजा पीता नहीं. हाथ सीधा!”

“जी, साहेब.”

त्याने हात सरळ केले. धार पडताच त्यांची पुन्हा ओंजळ झाली. बालपणी पारनेरकडच्या गावी, बापाबरोबर पाटलाच्या दारात असेच पाणी मिळे. वरून धार, खाली ओंजळ. भांड्याला शिवायचे नाही. पुढे बाप ख्रिस्ती झाला, इसहाक मिशनच्या शाळेत चार बुके शिकला; परंतु त्याच्या हातांना कोणी बाप्तिस्मा दिला नव्हता.

साहेबांची धार थरथरत इकडेतिकडे जाई, आणि ओंजळ तिच्यामागे जाऊन तिला झेली. साहेबांनी वाकून फरशी पाहिली. कोरडी ठणठणीत.

“एक बूंद भी नहीं!” त्यांनी झारी खाली ठेवली. “ॲलेस्टर देखता तो...”

राजाचे हात धारेमागे धावणार नाहीत, हे सांगावे की न सांगावे? इसहाकने तोंड उघडले.

“क्या?”

“कुछ नहीं, साहेब. पानी गरम रखना.”

आठवड्याअखेर साहेब विलायतेस जाण्यासाठी आगगाडीने निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी इसहाकने अंगणात परात मांडली, पत्नी लिडियाच्या हाती तांब्या दिला आणि दोन्ही हात पालथे, सरळ धरले.

“घाल.”

“ह्ये काय नवीन? साहेब गेला अन् तुमी साहेब झालात व्हय?”

“घाल म्हनतो ना.”

तिने धार सोडली. हात वळू पाहत होते; त्याने ते निग्रहाने सरळ ठेवले. बोटांवर आपटून पाणी परातीबाहेर उडाले.

“अवो, सांडतंय की! ओंजळ करा. लई लांबनं आनलंय पानी.”

इसहाकने हात तसेच सरळ धरून ठेवले. परातीभोवतीची माती काळी होत चालली होती. लिडियाचा हात तर मुळीच कापत नव्हता.