गुरुवारचं अंडं

समिधाने दोन अंडी, एक कच्चं आणि एक उकडलेलं, ओल्या फडक्यात बसवून एमआरआयच्या बोगद्यात सरकवली आणि काचेआड येऊन बसली. हाटकेश भागातल्या स्कॅन सेंटरमधलं हे यंत्र आज दुपारपुरतं तिच्या हाती होतं.

साध्या चित्रात दोन्ही अंडी सारखीच दिसत. त्यातलं उकडलेलं ओळखायचं ते तिने वर्षभर खपून घडवलेल्या रेडिओ लहरींच्या ठोक्यांनी. हे ठोके मोकळ्या पाण्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. घट्ट झालेल्या प्रथिनांना गाठतात. त्याची झळ शेजारच्या पाण्याला लागते आणि तेवढी जागा चित्रात काळी पडते. अंड्यात जमलं, तर उद्या मेंदूतल्या नसांचं झिजलेलं आवरण दिसेल. नाही जमलं, तर कंपनीचे तयार ठोके वापरायचे, असं तिचे मार्गदर्शक डॉक्टर अभिनवनी आधीच बजावलं होतं.

चित्र आलं. कच्चं अंडं उजळ होतं. उकडलेलं कडेने तेवढं काळं, आत उजळच.

ठोका आतपर्यंत पोचतच नाही, असं म्हणत शेजारी बसलेले डॉक्टर उठले. समिधाला मात्र ते काळं कडं काही सोडेना. तिने अंड्यांची जागा बदलून पाहिली. कडं त्याच अंड्याबरोबर गेलं, म्हणजे गोम अंड्यातच होती. मग तिने पाली गावात घरी फोन लावला.

"आई, अंडं पुरतं उकडलं होतं ना?"

चंद्रावतीने कबूल केलं.

"तू सकाळी अंडं गॅसवर ठेवून आंघोळीला गेलीस. घरात घट मांडलेला हाय, मार्गशीर्षाचा गुरुवार. वास सुटायच्या आत गॅस बंद केला. तुला सांगितलं न्हाय."

समिधाने अंडं स्टीलच्या ताटलीत फोडलं. कवचालगत पांढरं घट्ट झालं होतं. आतलं सगळं ओघळून ताटलीभर पसरलं, अगदी चित्राने दाखवलं तसंच. तिला इतका आनंद झाला, की हात पुसायचंही सुचलं नाही.

डॉक्टरांनी एकदा ताटलीकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुन्हा ओढून घेतली.

"असंच अर्धवट अंडं परत करता येईल? मला अजून एकदा बघायचंय."

"येईल ना," समिधा म्हणाली. "फक्त गुरुवारची वेळ द्या."