डाव्या अंगठ्याच्या आवाक्यात

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा हा जुना मोबाइल आता थकला आहे. सकाळी पोटभर चार्ज केला तरी दुपारी माझा जीव जातो. तेवढ्यात सांगून घेतो.

कारखान्यात माझे भाग जुळले, पण जगणे सुरू झाले ते डायनाच्या हातात. ती एव्हरशाईन सिटीत राहते. दोन्ही अंगठ्यांनी ती मला भराभर पळवायची आणि "किती फास्ट आहे हा" म्हणून मैत्रिणींना दाखवायची. मग नवा फोन आला आणि तिने मला वटार गावी आईकडे, इनेझबाईंकडे, दिले.

इनेझबाई आणि त्यांचे पती प्लासिड यांची मोगऱ्याची वाडी आहे. बाईंचे दोन्ही हात कळ्या खुडताना असे चालत की मी तासन्‌तास पिशवीत पडून असे. मला त्याचे वाईट वाटत नसे. मग एके दिवशी त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला.

प्लासिड रोज म्हणत, "पुढच्या मोसमाला हात चालेल बघ." ते कळ्या खुडायला दुसरे माणूस लावेनात. एकट्याने सगळे होत नसे. कळ्या झाडावरच उमलून गळत.

बाई मला डाव्या हातात धरून काहीतरी शोधू पाहत. पण शोधायची पट्टी माझ्या अगदी माथ्यावर होती. अंगठा तिथवर ताणला की मी हातातून निसटे. फरशीवर किती वेळा आपटलो, ते माझ्या काचेला विचारा. पडणे मला सवयीचे झाले होते. पडल्यावर बाई ज्या नजरेने माझ्याकडे बघत, ती नजर मात्र सोसवत नसे.

एका रविवारी डायनाने ते पाहिले.

"मम्मी, दे इकडे. मी शोधते. काय बघायचंय?"

"काही नाही."

"अगं, सांग तरी."

"तू नको शोधू," बाई म्हणाल्या. "मला शोधता येईल असं कर."

 डायनाने आपला उजवा हात पाठीमागे धरला आणि मला डाव्या हातात घेऊन बघितले. तिचाही अंगठा पोचेना. मग ती ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरली. पट्टी वरून काढून तळाशी आणली. उघडल्याबरोबर अंगावर येणाऱ्या बातम्या बंद केल्या. अक्षरे मोठी केली आणि कीबोर्ड डावीकडे सरकवला. इतकी वर्षे मी तिच्याजवळ होतो, पण माझ्यात ही सोय आहे हे तिलाही ठाऊक नव्हते.

मला आईच्या हातात देऊन ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

बाईंनी एकेक अक्षर दाबत विचारले, ‘झटक्यानंतर हात पूर्वीसारखा होतो का’. मी जे मिळाले ते समोर ठेवले. काहींचा होतो, बऱ्याच जणांचा पुरता होत नाही, व्यायाम सोडू नये. त्यांनी सावकाश सगळे वाचले. मी निसटलो नाही.

संध्याकाळी त्या प्लासिडना म्हणाल्या, "कळ्या खुडायला कोणाला तरी लावा. माझा हात पूर्वीसारखा होईलच असं नाही."

 प्लासिड म्हणाले, "डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

"ते मला दिसत होतं. म्हणून मीच विचारलं."

प्लासिडनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वाडीत खुडायला मजूर बायका आल्या. इनेझबाई शेजारी बसून डाव्या हाताने कळ्या निवडू लागल्या, हळूहळू.

मित्रांनो, माझे दिवस थोडे उरले, त्याची मला फिकीर नाही. एवढेच करा. घरात कोणी पडद्यावर चाचपडत असेल, तर फोन त्यांच्या हातातून काढून घेऊन उत्तर देऊ नका. त्यांच्या हाताला जमेल असा तो करून द्या आणि जरा लांब जाऊन बसा. एखादा प्रश्न माणसाला एकट्यानेच विचारायचा असतो.