दानीएल पेंटरचं अक्षर

कर्जतच्या बाजूला ख्रिस्ती माणसाची कबर बांधली, की तिच्यावरचं नाव दानीएल पारखे पेंटरच्या हातचंच असायचं. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा लेक रेबेकानं त्यांची अक्षरं स्कॅन करून फॉन्ट बनवला आणि त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर घातला. आता त्यांच्याच कबरीचा दगड तयार होता, आणि सुप्याच्या कंपनीतून रजा काढून आलेली रेबेका स्क्रीनपुढे बसली होती. तिनं वडिलांचं नाव टाइप केलं. अक्षरं उमटली, पण परकी. हवा तो फॉन्ट मिळाला नाही की कॉम्प्युटर गुपचूप दुसरा लावतो.

"वाल्मिकदादा, आप्पांचा फॉन्ट कुठाय?"

दुकान आता वाल्मिक सांभाळत होता. त्यानं विंडोजचं फॉन्टचं फोल्डर उघडलं. "समदे फॉन्ट हितंच असत्यात, ताई."

तिथं नव्हता. मग रेबेकाला आठवलं. तेव्हा ॲडमिनचा पासवर्ड हाताशी नव्हता, म्हणून तिनं फॉन्ट सगळ्यांसाठी न घालता फक्त आप्पांच्या कॉम्प्युटरवरच्या खात्यापुरता घातला होता. असा फॉन्ट त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरात राहतो.

"आप्पांचं खातं उघडा."

"मशीन लई हळू चालत हुतं," वाल्मिक म्हणाला. " काढून टाकलं म्या ते. फॉन्ट सामाईक फोल्डरात असंल, असंच वाटलं."

तिचा जुना लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला होता. मातीच्या वेळी न आलेलं रडू तिला आत्ता आलं.

वाल्मिकनं मोबाइल काढून मेल चाळले. "आईंच्या दगडाची पीडीएफ हाय माझ्या मेलवर. आप्पांच्याच फॉन्टातली."

पीडीएफ फॉन्टातली लागतील तेवढीच अक्षरं पोटात ठेवते. रेबेकानं ती उघडली. 'स्टेला दानीएल पारखे.' आईच्या नावात आप्पांचं नाव अख्खं होतं. तिनं एकेक अक्षर, वेलांटी सुटी करून मांडली. आप्पांच्या पूर्ण नावात मधे येणाऱ्या आजोबांच्या 'स्टीफन'मधला 'फ' तेवढा नव्हता.

'पारखे'मधला 'प' घेऊन तिनं त्याला माउसनं वळण जोडलं. पुसलं, पुन्हा जोडलं.

"वेगळं दिसतंय का?"

"दिसतंय जरासं," वाल्मिक म्हणाला. "पन ऱ्हाऊ द्या."

दगड बसवला तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका नावावरून बोट फिरवत होत्या. "दानीएलनंच लिवलंय जनू," एक जण म्हणाली. रेबेकानं 'फ'च्या वळणावर बोट ठेवलं.